थोरलीची वेल

आमच्या ताई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, कुणावर जळल्या नाहीत असा दिवस अजून उगवायचा आहे. शेजारणीचा नवा पंखा असो की माझे दाट केस, त्यांच्या पोटात दुखायला काहीही पुरतं. पण सगळ्यात जास्त दुखतं ते सख्ख्या धाकट्या बहिणीवरून. धाकटी चित्रकार, मोठ्या शहरात राहते, वर्तमानपत्रात तिचे फोटो येतात. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करतात, आणि त्या वाफेतसुद्धा मनगटापर्यंत बाह्या घालतात.

त्या बाह्यांचं कारण सासूबाई. त्या गोंदणाऱ्यांच्या घरातल्या. परक्या साहेबांच्या राज्यात गोंदणं गुन्हा ठरलं, रानटीपणा म्हणे. सुया जप्त व्हायच्या, गोंदलेल्या बाईला कुणी कामावर ठेवायचं नाही. तरी सासूबाईंनी दारं लावून थोरलीच्या हातावर पानांची वेल काढली. पुढे साहेब गेले, कायदा गेला, ताईंची लाज काही गेली नाही. धाकटी त्यानंतरची. तिच्या हातावर तीच वेल आहे, सुबक, आणि ती बिनबाह्यांचे कपडे घालून मिरवते.

सासूबाईंना अंघोळ ताईच घालतात. मला आत फिरकू देत नाहीत. लेकीला गोंदण्याआधी आईनं तिची वेल स्वतःच्या मांडीवर काढून बघायची, अशी त्या घराण्याची रीत. सासूबाईंच्या मांडीवर अर्ध्यामुर्ध्या वेलींची नुसती दाटी आहे म्हणे.

"त्यातल्या निम्म्या माझ्या," ताई मला ऐकवायच्या. "माझ्यासाठी आईनं किती टोचून घेतलंय! धाकटीनं कधी पाहिलंय तरी का?"

आणि धाकटी नेमकी तेच पाहायला आली. बंदी घातलेल्या गोंदणांचं प्रदर्शन भरवणार होती. तिला आईच्या मांडीचे फोटो हवे होते.

ताई उसळल्या. "आईची अब्रू भिंतीवर टांगणार तू?"

सासूबाईच हसल्या. "काढू दे गं. एवढं सोसलंय, चार लोकांनी बघितलं तर बिघडलं कुठं?"

ताईंनी ताट सरकवलं. त्या रात्री मी एकटीनं भांडी घासली.

प्रदर्शनाला मात्र त्या सगळ्यांच्या आधी तयार. आत गेलो तर अख्ख्या भिंतीएवढी सासूबाईंची मांडी! ताई सरळ फोटोपाशी गेल्या आणि गुडघ्याजवळच्या एका वेलीवर बोट ठेवून पाहुण्यांना सांगायला लागल्या, "ही माझी."

धाकटीला राहवलं नाही. तिनं आईची चाकाची खुर्ची पुढे ढकलली. "आई, ताईच्या कुठल्या गं?"

"तिची एकही नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या वेळी गल्लीत शिपाई फिरत होते. करून बघायला सवड कुठली? थेट तिच्या हातावर काढली. माझा हात कापत होता, वाकडी झाली. फार लागलं ते मनाला. म्हणून तुझ्या वेळी इतक्यांदा काढून बघितली."

ताईंचा चेहरा पडला. इतकी वर्षं त्या आपल्या समजून धाकटीच्याच वेलींना साबण लावत होत्या. मला त्यांची कीव आली, आणि मला ती सहजासहजी येत नाही.

"म्हणजे मी हिची कच्ची वही!" त्या म्हणाल्या. मग डाव्या बाहीचं बटण सोडलं. नवऱ्याच्या बहिणीचा तो हात मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. वेल मनगटापासून निघून मध्येच भरकटली होती, एक पान दुसऱ्यावर चढलं होतं.

"काढ फोटो."

"ताई, इथे?" धाकटी म्हणाली.

"इथेच. बंदीतली वेल ही आहे. तुझी नाही."

माणसं भिंत सोडून ताईंभोवती गोळा झाली. कुणी त्यांना शिपायांबद्दल विचारलं, कुणी वाकून पानं पाहिली. ताई हात वर धरून उभ्या होत्या, खाली घ्यायचं नाव नाही.

धाकटी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या दंडाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

"वाकडी आहे ती, वहिनी," ती पुटपुटली. आवाज हुबेहूब ताईंचा.