विचारल्याशिवाय नाव नाही

आक्काचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्याच गाडीची वाट बघत उभा होतो. "दाजी गेले रं," एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, "बरं." अशा वेळी माझ्या तोंडून हमखास चुकीचाच शब्द निघतो…

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर. पण कामावर जाण्याआधी रोज सकाळी संगणकापुढे. मोठी फाइल दाबून लहान करणारं एक सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या हौशी माणसांनी फुकट लिहिलेलं, कुणीही फुकट वापरावं असं. त्यात हातभार लावणाऱ्यांची यादी दाजी राखायचे. कुणी साधी चूक दाखवली, तरी त्याचं नाव यादीत. मात्र आधी त्याला पत्र: नाव कसं लिहू? कुणाला टोपणनाव हवं असतं, कुणाला नावच नको असतं. उत्तर येईपर्यंत दाजींना चैन नसे.

शेवटच्या आजारात, हॉस्पिटलात त्यांनी ती यादी माझ्या गळ्यात घातली. मला धडकीच भरली. पोरीच्या लग्नपत्रिकेत मी चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, नाव विसरलो होतो आणि ते मांडवाबाहेर उपाशी बसले होते, हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक. "आवं दाजी, मला कशाला?" म्हटलं, तर हसले. "नाव राहिलं की काय होतं, ते तुमच्याइतकं कुणाला कळतंय, पाव्हणं?"

गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती निघायची होती. मी यादी बोट ठेवून चारदा वाचली. सगळे होते, दाजी नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींनाही हे उशिरा उमगलं. त्यांचं पत्र आलं, नाव कसं लिहायचं ते शुक्रवारपर्यंत कळवा. आडनावासकट लिहू? की त्यांना नावच नको होतं? एकदा विचारलं असतं तर… पण भेटलो की मी बोलायचो माझ्या गुडघ्याविषयी.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं सांगली गाठली. आक्का भाकरी करत होती. सगळं ऐकून तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात पुसले आणि येऊन संगणकापुढच्या त्यांच्या खुर्चीत बसली.

"त्यांना नको असलं तर गं?"

"तर रागवू देत माझ्यावर. लिही."

जन्मभर 'आमचे हे' म्हणणाऱ्या माझ्या बहिणीनं दाजींचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं, "शीतल भूपाल पाटील, सांगली." मग मला दोनदा वाचायला लावलं. पत्र गेलं. बरोबर केलं का, हे मला अजून कळत नाही.

दाजी उंच, खुर्ची त्यांच्या मापाला लावलेली. आक्काचे पाय जमिनीला टेकत नव्हते. खाली करू का, विचारलं.

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तशीच."