वामनरावांची दुसरी चिठ्ठी

वामनराव गेल्याची बातमी मला अकोल्याच्या एसटी स्टँडवर त्यांच्या पुतण्यानं दिली. पाच आठवडे झाले, पण कुठल्याही गठ्ठ्याची गाठ मारताना अजून हात थबकतो…

अमरावतीच्या आमच्या शिक्षण कचेरीत ते रेकॉर्ड कीपर, मी कारकून. शाळांच्या दाखल रजिस्टरांच्या नकला दरवर्षी उतरवून अकोल्याला ठेवायच्या, म्हणजे इथलं बिघडलं तर तिथून पुन्हा उभं करता येई. प्रत्येक गठ्ठ्याला वामनरावांची चिठ्ठी असे: कोणतं रजिस्टर, कुठल्या दिवसापर्यंतचं, पानं किती, कोणी हात लावला. एक चिठ्ठी गठ्ठ्यात, दुसरी त्यांच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत. मी चिडवायचो, "नकलेला आठ दिवस अन् चिठ्ठीला नऊ!" ते म्हणत, "गठ्ठा मुका असते बापू. चिठ्ठीच बोलते."

एका वर्षी वाळवीनं आमचं कपाट खाल्लं. त्याच आठवड्यात दर्यापूरची यशोदा वडिलांसोबत आली. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घरात शिकलेली ती पहिलीच. मास्तरीणबाईची नोकरी लागत होती, पण शनिवारपर्यंत शाळेचा दाखला हवा होता. मी अकोल्याला धावलो. चिठ्ठीवरून गठ्ठा काढला, तर तिचं नावच नाही! लगेच आठवलं. आदल्या उन्हाळ्यात ते गठ्ठे उन्हात घालायला मीच गेलो होतो. वाऱ्यानं चिठ्ठ्या उडाल्या, मी त्या अंदाजानं खोचल्या आणि मूग गिळून बसलो; आता शेकडो गठ्ठ्यांतून खरा कुठला, हे कोण सांगणार?

परत येऊन वामनरावांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जेवला काय तू?" मग पेटी उघडली. दुसऱ्या चिठ्ठीत होतं: पानं एकशे बारा, मूळ पान फाटकं म्हणून शेवटचं पान वेगळ्या कागदावर. शुक्रवारी आम्ही दोघं अकोल्याला गेलो, पानं मोजून खरा गठ्ठा ओळखला. शेवटच्या पिवळ्या कागदावर यशोदा होती. दाखला हातात घेताना तिचे वडील रडले. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी ती पेटी पुढे केली. "भाऊजी, हे तुमालेच द्यायचं म्हणून सांगून गेले." चिठ्ठ्या वर्षवार लावलेल्या. त्या सालच्या चिठ्ठीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उन्हात घालताना चिठ्ठ्या बदलल्या. चूक करणारा…' आणि पुढे वामनरावांचं स्वतःचं नाव.

उभ्या आयुष्यात त्यांनी केलेली ती एकच खोटी नोंद. मी त्यांचं नाव खोडून माझं लिहिलं, खाली सही केली, आणि गठ्ठ्यात ठेवायला दुसरी प्रत उतरवायला बसलो.