मामंजींचं चित्र आणि समोरचा ओटा

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मांडीवर पोरगी, हातात पेजेची वाटी, आणि तिथून मी जी घसरले ती अजून सावरलेली नाही. सांगायला लाज वाटते, पण तुम्ही काय, घरचीच माणसं.

फोन अलिबागच्या चित्रकार ताईंचा. एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर माझ्या सासऱ्यांचं चित्र द्यायचं होतं. उधाणात गावचा बांध फुटला, तेव्हा मामंजी छातीभर पाण्यात उभे राहून माती लावत होते. गावाचं भात वाचलं. ते आठवड्याभरात तापानं गेले.

ताईंना फोटो हवा होता. आमच्याकडे एक नाही. वादळात पत्रे उडाले, अल्बमचा लगदा झाला. आधार कार्डावर नुसता काळा डाग. नवरा बोटीवर, भर समुद्रात. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर. त्यांना विचारलं तर रडायलाच लागल्या.

"बाय, त्यांचा तोंड आता सपनात पन धड येत न्हाय," म्हणाल्या. "डोलं बरं झालं का पयलं त्यांचा चित्रच बघीन."

मग सांगायचं कुणी? मी.

"नाक कसं होतं?" ताईंनी विचारलं.

आता खरं सांगते. लग्नात आईनं बजावलेलं, सासऱ्यांपुढे मान वर करायची नाही. मी आधीच भित्री. चार वर्षं त्यांना जेवण वाढलं, चहा दिला, पण नजर कायम खाली. टाचेची एकेक भेग मी सांगितली असती. सांगायला लागलेही.

"पाय नकोत हो, चेहरा सांगा."

माहीत नाही म्हणायला जीभ उचलेना. कसली सून, म्हणतील. समोरच्या ओट्यावर नामाकाका विळ्याला धार लावत बसले होते. मामंजींच्याच वयाचे. म्हातारी माणसं सगळी सारखीच की, असं वाटलं मला.

"नाक बसकं," मी म्हटलं.

"मिशी?"

"पांढरी. डावीकडे जरा खाली."

"कान?"

काका मान वळवेनात. मी हाक मारली, "काका, किती वाजले?" ते आत घड्याळ बघायला वळले.

"मोठे," मी ताईंना सांगितलं. "आतून केस."

कच्चं चित्र आलं. ताईंनी विचारलं, हनुवटी बरोबर आहे का? मी ओट्याकडे बघून म्हटलं, थोडी पुढे घ्या. अशा तीन दुरुस्त्या झाल्या. रंग भरून आलं तेव्हा इतकं हुबेहूब होतं, की मला माझंच कौतुक वाटलं. कुणासारखं हुबेहूब, तेवढं मात्र मनाला विचारलं नाही.

अंक आला. मागे फुटलेला बांध, पुढे नामाकाका, खाली 'स्मृतीस अभिवादन'.

काकांची उरणला दिलेली लेक अंक बघून रडत धावत आली. काका भाकरी खात होते.

"रडतंस कनाला? जेवलीस का?"

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. मी हात जोडले.

"मना मारलंस त्याचा काय न्हाय, सूनबाय," ते हळूच म्हणाले. "पन त्या दिवशी मी बांधावं गेलूच नव्हतू. घाबरून घरान बसलेलू. आता परगावची लोकं माझ्या पाया पडतान. मी काय करू?"

 मी त्यांना पाट दिला आणि चहा ठेवला, नजर खालीच.

ऑपरेशननंतर डोळ्यांवरची पट्टी निघाली तशी सासूबाईंनी पहिला अंकच मागितला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"यो नामा हाय," म्हणाल्या. मग पान उलटून मागे शोधलं. "माझा कंय हाय?"

 तर एवढं करा. आमच्या भागात ज्यांच्या लग्नात, पूजेत मामंजी गेले असतील, मागे कुठेतरी उभे असतील, त्यांनी आपले जुने फोटो काढून बघावेत. भेटेल त्याला सांगा. आणि सापडला तर मला पाठवू नका, थेट सासूबाईंच्या हातात द्या. मला कुणाचाही फोटो दाखवला तरी मी होच म्हणेन.