कप्तानाचं सुतक

समुद्र न पाहता समुद्रावर इतका जीव टाकणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आणि तो नेमका आमच्याच अक्काच्या वाट्याला यावा, हे तिचं नशीब! आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उदगीरला राहतात. तिथून कुठल्याही दिशेनं निघा, खारं पाणी दिसायला दिवसभर गाडीत अंग मोडून घ्यावं लागतं. दाजींनी जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नांदेडच्या पुलावरून दिसलेली पुरातली गोदावरी, आणि तेव्हासुद्धा त्यांनी खिडकीची जागा शेजारच्या बाईला देऊन टाकली होती, कारण वाहत्या पाण्याकडं बघितलं की त्यांना गरगरतं. तरीही सकाळी अंगणात उभं राहून, बोट ओलं करून ते हवेत धरणार आणि गंभीर चेहऱ्यानं सांगणार, "वारं फिरलंय. भरती येणार." मग आतून अक्का ओरडते, "भरती न्हाई, नळ येणार हाय. घागरी काढा!"

हे वेड लागलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर. शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर एकदा लातूरला माझ्याकडं आले, बाजारातून कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडले आणि रद्दीच्या दुकानातून किलोवर घेतलेली पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकं घेऊन परतले. कोथिंबीर विसरले ती विसरलेच. पाचही पुस्तकांवर एक जहाज, एक समुद्री चाचा आणि त्याच्या हातात तलवार. एकाच गोष्टीचे ते पाच भाग होते. दाजींची लेक वैजू तेव्हा माझ्याकडंच राहून एमएस्सी करत होती. ती पुस्तक चाळून म्हणाली, "बाबा, ही तर कॉम्प्युटरवरच्या एका गेमची कादंबरी केलेली आहे." दाजींना हा स्वतःचा अपमान वाटला. "पोरं बोटं बडवतात, त्यातून असा ग्रंथ निघतो व्हय? आधी ग्रंथ असणार, मग कुणीतरी त्याचा खेळ केला असणार." वैजूनं मुखपृष्ठावर इंग्रजीत तसं स्पष्ट छापलेलं दाखवलं. तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या या माणसानं चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "छपाईची चूक हाय."

आणि वाचायचे कसे, तर पोथी वाचावी तसे. संध्याकाळी हातपाय धुवायचे, धुतलेलं धोतर नेसायचं, ओट्यावर सतरंजी टाकायची, वडिलांच्या वेळची पोथीची लाकडी ठवणी मांडायची, उदबत्ती लावायची आणि चाच्यांचं पुस्तक त्या ठवणीवर उघडायचं. डोळे इंग्रजीवर आणि तोंडानं मराठी, तेही अस्सल उदगीरचं. त्यामुळे त्या सातासमुद्रापलीकडच्या जहाजावर सगळे खलाशी "लई बोलू नको, सोनं कुठं हाय ते दाव" असं बोलतात. इंग्रज गव्हर्नर तेवढा पुण्याचं मराठी बोलतो, कारण तो दुष्ट आहे. जहाजावरचा आचारी कानडी मुलखातला, तोफा सुटत असल्या तरी तो आधी "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारतो. कप्तानाचं खरं नाव दाजींच्या तोंडी कधी बसलं नाही, म्हणून तो नुसता 'कप्तान'. गल्लीतली दहाबारा माणसं ऐकायला जमतात. समोरचे हमीदभाई टेलर मशीन थांबवून कानामागं पेन्सिल खोचून येतात, आणि कप्तान संकटात सापडला की "मास्तर, बचाओ बंदे को" असं दाजींनाच विनवतात. प्रकरण संपलं की हातावर साखर. मी एकदा म्हटलं, "दाजी, दरोडेखोरांच्या गोष्टीला कसला प्रसाद?" तर म्हणाले, "साखर गोड लागली ना? मग गप."

पुस्तकातलं सगळं त्यांच्या संसारात उतरायला लागलं. खलाशांना ताजं फळ मिळत नाही म्हणून त्यांचे दात हलतात, असं तिसऱ्या भागात आलं. त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी अर्धं लिंबू चोखायला लागतं. वीजबिल वाटणारा माणूससुद्धा सुटत नाही. चौथ्या भागात दुर्बीण आली. मग उरुसातून एक प्लॅस्टिकची दुर्बीण आणली आणि शेतातल्या माचणावर चढून सोयाबीनवर पहारा सुरू केला. डुकरांचा कळप दिसताच "शत्रू! उजव्या अंगाला शत्रू!" असं ओरडले. खाली निंदणाऱ्या बायकांना वाटलं, साप निघाला. त्या बांधापलीकडं पळाल्या आणि डुकरं निवांत सोयाबीन खात राहिली. अक्का सगळं सोसते. "दारू पीत न्हाईत, पत्ते खेळत न्हाईत. समुद्रात तर समुद्रात," म्हणते.

पण गेल्या वर्षी त्या समुद्रानं आम्हाला जवळजवळ बुडवलंच होतं. वैजूला स्थळं येत होती आणि ती प्रत्येकाला नाक मुरडत होती. अखेर नांदेडचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घरची शेती लोह्याकडं, माणसं सरळ. पोरगी त्याच्याशी दोनदा बोलली आणि लाजत का होईना, "मला चालेल" म्हणाली. आमच्या वैजूचं 'चालेल' म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. अक्कानं देवाला नारळ फोडला. रविवारी साखरपुडा ठरला. आणि त्याच आठवड्यात कुरिअरनं दाजींनी मागवलेला सहावा भाग आला.

दाजींनी तो तीन बैठकींत संपवला. शेवटच्या पानावर कप्तान किल्ल्याच्या तटावरून समुद्रात उडी मारतो, मागं बारूदखाना उडतो, लाटा मिटतात आणि पुस्तक संपतं. हमीदभाई डोळे पुसत उठले. दाजींनी ठवणी मिटली आणि सुतक धरलं. हो, सुतक! दाढी बंद, गोड बंद, गादी सोडून घोंगडीवर झोपणं. मी साखरपुड्याच्या खरेदीसाठी लातूरहून आले तेव्हा हा थाट बघून कपाळावर हात मारला. "अहो, तो पुस्तकातला माणूस आहे!" तर म्हणाले, "सहा भाग आपल्या घरात ऱ्हायला. आता गेल्यावर परका म्हणू व्हय?" अक्का म्हणाली, "मग तेरावं पण घाला." "बघू," दाजी म्हणाले, "आधी अंग तर सापडू दे." आम्ही हसून सोडून दिलं. त्याच दुपारी नांदेडहून मुलाच्या वडिलांचा फोन आला होता आणि तो दाजींनी घेतला होता, हे आम्हा दोघींना कुठं माहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. मुलगाच चालवत होता. वडील पांढरी टोपी घालून उतरले. आईनं डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्यातून आत आली आणि "ओ ताई, कसं ओ झालं हे!" म्हणून अक्काच्या गळ्यात पडली. अक्काचे हात पिठाचे. तिला वाटलं, त्यांच्याच घरी काही वाईट घडलं, आणि तिनंही हंबरडा फोडला. अक्का रडतेय म्हटल्यावर मला वाटलं, आमच्या माहेरचं कुणी गेलं आणि मला सांगितलं नाही. मीही सुरू झाले. हमीदभाई टेप गळ्यात घेऊन धावत आले. सगळं घर रडतंय आणि कुणासाठी ते कुणालाच माहीत नाही! दाजी घोंगडीवर बसले होते. मुलाचे वडील त्यांच्या शेजारी टेकले, पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही फोनवर म्हणलात, घरात सुतक आहे, रविवारी जमायचं नाही. तरणाताठा होता, समुद्रात गेला. वय काय होतं ओ?"

"चौतीस," दाजी म्हणाले. "पाचव्या भागात तेहतीस पुरं झालं."

"पाचव्या भागात?"

"हाव. सहाव्यात गेला."

रडणं एकदम थांबलं. दाजींनी अदबीनं पुस्तक पुढं केलं. मुलाच्या वडिलांनी मुखपृष्ठ बघितलं, उलटं करून मागची बाजू बघितली आणि उभे राहिले. "म्हणजे मास्तर, हातचं काम टाकून आम्ही पुस्तकातल्या माणसाच्या भेटीला आलो? आणि ह्याच्यापायी रविवार मोडता?" ते बुटाकडं वळले.  वैजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. तिनं बापाकडं बघितलं नाही, मुलाकडंही नाही, नुसती चौकट धरून उभी राहिली. त्या क्षणी मला दाजींना त्यांच्या सहाही भागांसकट विहिरीत ढकलून द्यावंसं वाटलं.

मुलगा पुढं झाला. त्यानं पुस्तक उचललं, शेवटची दोन पानं चाळली. "मास्तर, हा मेला असं कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? छापलंय की!"

"न्हाई ओ. तटावरून उडी मारतो ना हा? तिथं पाण्याखाली डाव्या अंगाला भुयार हाय. होस्टेलवर असताना मी हा खेळ खेळायचो. ह्याच जागी आठवडाभर बुडून मरत होतो. सारखं वर यायला बघायचो ना. मग एका मित्रानं सांगितलं, वर यायचंच न्हाई, आणखी खाली जायचं. भुयारातून पलीकडं निघतो. जिता हाय तो."

दाजी घोंगडीवरून अर्धे उठले. "आणि आचारी?"

"पलीकडं होडी घेऊन वाट बघत ऱ्हातो. लई बोलतो."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"तिथं चुकलंय त्यांचं," दाजी म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी पोराचे दोन्ही हात धरले. "जिता हाय म्हणता? शपथ?" "शपथ, मामा," पोरगा म्हणाला. लग्नाआधीच त्याच्या तोंडून सासऱ्याला म्हणायचं 'मामा' गेलं ते त्याच्याही ध्यानात आलं नाही, पण चौकटीतल्या पोरीच्या बरोबर आलं. "वैजे, पाणी तापव, दाढी करतो! सुतक फिटलं!" दाजी ओरडले. मुलाचे वडील एक पाय बुटात घालून तसेच उभे होते. ते पोराला म्हणाले, "इंजिनिअरिंगला ह्याचा अभ्यास करून राहिला होतास का रे तू?" आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. आई पदरानं नाक पुसत म्हणाली, "मी एवढी रडले बाई, आता चहावर भागत न्हाई." अक्कानं लगेच रवा भाजायला घेतला. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी सगळ्यांनी अर्धं अर्धं लिंबू कुरकुर न करता चोखलं, आणि रविवारी साखरपुडा थाटात झाला.

लग्नही झालं. वैजू नांदेडला गेली आणि ओट्यावरची बैठक जरा मोडल्यासारखी झाली. सातवा आणि शेवटचा भाग येऊन पडला होता, पण दाजी तो उघडेनात. "जावयानं जिता हाय म्हणून सांगितलंय ना. मग घाई काय?" पंचमीला वैजू माहेरी आली तेव्हा कुठं त्यांनी ठवणी मांडली. चार दिवस वाचन चाललं. पाचव्या दिवशी जावई न्यायला आले. दुपारची जेवणं झाली, वैजूची पिशवी दारात ठेवलेली, जावई किल्ली हातात घेऊन ओट्यावर टेकलेले. "मामा, कंधारच्या अलीकडं रस्ता खोदलाय. दिवसाउजेडी पोचलेलं बरं." दाजी म्हणाले, "संपलंच की आता. दोन पानं."

मी दाजींना लागूनच बसले होते. कप्तानाला आपलं गाव दिसलं, बंदरावरची माणसं दिसली. पान संपलं. पुस्तकच संपलं. दाजींनी पान उलटलं, मागं नुसता कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर बोट ठेवून ते वाचू लागले, "एवढ्यात वारं फिरलं. जहाज पुन्हा समुद्रात ढकललं गेलं, आणि समोर एक बेट दिसलं. बेटावर चिंचेची झाडं होती. एक म्हातारा किनाऱ्यावर आला आणि म्हणाला, पाव्हणं, एवढ्या घाईनं कुठं निघालाव? आजचा दिस ऱ्हावा." त्यांनी दारातल्या पिशवीकडं एकदा बघितलं. वैजू गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. मी जावयाकडं सरकून हळूच विचारलं, "हे बेट तुमच्या त्या खेळात आहे का हो?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई मावशी. खेळात तो सरळ घरी जातो." मग किल्ली खिशात टाकली, मांडी घालून नीट बसले आणि म्हणाले, "मामा, मग थांबला का तो बेटावर?"

"थांबला की," दाजी म्हणाले. अक्का उठून आत गेली आणि तिनं पिठाचा डबा उघडला.