गेंड्याच्या रानात नवा गुडघा

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि मी राहते तिसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी डावा गुडघा बदलल्यापासून माझ्या मुलाने, निखिलने, एकच धोशा लावला होता, "हे घर सोड आणि मुलुंडला आमच्याकडे ये. लिफ्ट आहे." शेवटी वैतागून मीच शब्द देऊन बसले. नेपाळला जाऊन तिथल्या जंगलात दोन तास, कुणाचाही आधार न घेता, पायी चालून दाखवते. नाही जमलं तर मुकाट्याने मुलुंडला येईन. निघायच्या दिवशी माझी बॅग घेऊन जिना उतरताना निखिल म्हणाला, "अगं आई, गेंडा मागे लागला तर पळणार कशी?"

"पळायचं नंतर बघू. आधी चालू तर दे," म्हटलं आणि रिक्षात बसले.

सोबत नंदा होती, दिंडोशीची, माझी ऑफिसातली जुनी मैत्रीण. तिने विमानातच जाहीर केलं, "मी जीपमधूनच गेंडा बघणार हां. मला शहीद व्हायचं नाही."

काठमांडूहून चितवनला पोचायला गाडीने अख्खा दिवस गेला. घाट संपला आणि मोहरीची पिवळीधम्मक शेतं लागली. आम्ही उतरलो ते घर थारूंचं (तराईतल्या जंगलालगत राहणारे लोक). मातीच्या भिंतींवर हत्ती आणि मोर हाताने उठवलेले, अंगण सारवलेलं. मागे राप्ती नदी, आणि पलीकडच्या काठावर दोन मगरी उन्हात पसरलेल्या. नंदाने चपला घालूनच चहा घेतला, पळायची वेळ आली तर म्हणून.

जेवायला घोंगी (गोड्या पाण्यातल्या गोगलगायी) होत्या, जवसाच्या दाट रश्शात.

"ईऽ! खाऊ नकोस गं, वाट लागेल तुझी," नंदा ओरडली. पण मी मूळची मालवणची. तिसऱ्या खात वाढलेल्या बाईला शिंपला चोखायला कुणी शिकवावं लागत नाही. घरधनीण माझ्याकडे बघून हसली आणि न विचारताच आणखी वाढून गेली.

घरधनी बुद्धिराम जंगलात वाटाड्याचं काम करायचा. पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. मी त्याला हिंदीत ठणकावून सांगितलं की उद्या मला पायीच जायचंय. त्याने माझ्या गुडघ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बिस्तारै जाऔँ, आमा."

त्यातलं 'आमा' म्हणजे आई, हे मला ठाऊक होतं. बाकी कानाने 'बिस्तर' तेवढं पकडलं. म्हणजे हा मला अंथरुणात जाऊन पडायला सांगतोय! माझं डोकंच सणकलं. मी ताटावरून उठले.

"चिडतेस काय? नसेल नेत तर नसेल," नंदा म्हणाली.

"नेत कसा नाही तेच बघते," मी म्हटलं.

सकाळी धुक्यात चाचपडत नदीवर गेले, तर बुद्धिराम आधीच डुंगा (एका खोडातून कोरलेली होडी) घेऊन बसलेला. जवळ दोन काठ्या, त्यातली एक माझ्या उंचीला बेतून कापलेली. माझं तिकडे लक्षच नाही. मी सुरूच झाले, "आज मी येणारच! ते बिस्तर-बिस्तर मला सांगायचं नाही!"

तो इतका हसला की डुंगा हलायला लागला. बिस्तारै म्हणजे हळूहळू. 'हळूहळू जाऊ, आई,' असं म्हणाला होता बिचारा. बाकीच्या पर्यटकांना त्याने दुसऱ्या वाटाड्याबरोबर लावून दिलं होतं, माझ्यामागे कुणाची घाई नको म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी, दाइ," एवढंच कसंबसं म्हणाले. दाइ म्हणजे दादा.

पलीकडे उतरल्यावर त्याने नियम सांगितले. गेंडा धावून आला तर झाडावर चढायचं. मी गुडघा दाखवला. "मग जाड झाडाच्या आड उभं राहायचं. जाड झाडं आहेत त्याच वाटेने नेतो," तो म्हणाला. पुढे तो, मधे मी, मागे त्याचा जोडीदार. उंच साल वृक्षांखालून आम्ही चाललो. वाटेत गेंड्यांची शेणाची जागा लागली. ते रोज तिथेच येतात म्हणे. चितळांचा कळप आमच्याकडे बघत उभा राहिला. गुडघा ठणकत होता, पण ऐकत होता. दीड तास झाला तेव्हा मला वाटलं, जिंकले.

एक कोरडा ओढा ओलांडायला आम्ही खाली उतरलो आणि बुद्धिरामने हात वर केला. समोरच्या गवतातून कचाकच ओरबाडल्याचा आवाज येत होता. मग गवत बाजूला झालं. गेंडा! आमच्या सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत असेल, तेवढंच अंतर. कान आमच्याकडे वळलेले, डोळे बारीक, अंगावर ओला चिखल. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते आणि इतकी खूशही झाले नव्हते.

मागे फिरून काठ चढायचा होता. माती भुसभुशीत. पाय घसरला, गुडघा अडला, आणि मी बुद्धिरामचा खांदा घट्ट धरला. वर एका जाड सावरीच्या झाडाआड पोचेपर्यंत सोडलाच नाही. गेंड्याने थोडा वेळ वास घेतला आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. उरलेला अर्धा तास मी एकटीने चालले, पण आधार न घेण्याची अट मोडली होती.

परतीच्या विमानात नंदा म्हणाली, "निखिलला खांद्याचं सांगूच नकोस ना. तिथे कोण होतं बघायला?"

पण माझा शब्द मी खोटा पाडणार नव्हते. विमानतळावर निखिल दिसताच सांगून टाकलं, "दोन तास चालले. पण गेंडा समोर आला आणि ओढ्यात खांदा धरावा लागला. हरले मी. कधी यायचं मुलुंडला?"

त्याने माझी बॅग उचलून डिकीत ठेवली. गाडी जोगेश्वरीपर्यंत आली. मी मनात घराचा निरोप घ्यायला लागले होते. भांडी कुठली न्यायची, कुठली वाटून टाकायची. माझ्या चालीने मला चालू द्यावं, एवढंच माझं म्हणणं होतं. ते त्याला कधी नीट सांगताच आलं नाही, याचं वाईट वाटत होतं.

"आई," निखिल म्हणाला, "आपल्या कांदिवलीच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे ना? सेक्रेटरींशी बोलतो. दुसऱ्या बाजूलाही बसवून घेऊ."