तापमान मी वाढवलं

कॉलेजला दिलेल्या आमच्या शेवटच्या अहवालात एक वाक्य आहे : ‘प्रयोगशाळा परिचराने तापमान नीट सांभाळले नाही.’ ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे.

२००० नंतरची ती वर्षं. वाईनच्या चोथ्यातून अँटिऑक्सिडंट द्रव्यं काढायचं खूळ मी घेतलं होतं. सांगलीकडून द्राक्षांच्या साली-बियांची पोती कोल्हापुरात यायची. स्पिरिटऐवजी नुसतं पाणी वापरायचं. जाड स्टीलच्या बंद भांड्यात, दाबाखाली, शंभराच्या बरंच वर तापवायचं. दाबामुळे त्याची वाफ होत नाही आणि एरवी न विरघळणारं पुष्कळ काही ते ओढून घेतं. कल्पना चांगली होती. ती हातात घेणारा माणूस हलकट निघाला, तो मी.

भांडं सांभाळायचे आमचे लॅब अटेंडंट. नोकरीआधी दहा-बारा हंगाम ते गुऱ्हाळावर गुळव्या होते. उकळता रस नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. त्याचं नाक चुकलं तर अख्खी काहील बिघडते. माझ्याच वयाचे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो.

तापमान वाढवलं की अँटिऑक्सिडंट मोजायच्या चाचणीतला आकडा वाढायचा. म्हणून मी वाढवत गेलो. एका दुपारी त्यांनी काळपट अर्काचा थेंब चिमटीत चोळून नाकाशी नेला.

“सर, ह्ये द्राक्षाचं न्हाय. साखर करपलीया की.”

“आकडा बघ, आकडा! इथं काय गूळ करायचाय?”

“गूळ असता तर कवाच उतरिवला असता. जरा खाली घ्या की सर.”

“तू काटा बघ. डोकं मी चालवतो.”

शेजारच्या टेबलावरचे सहकारी हसले. मला बरं वाटलं.

अटेंडंटचंच बरोबर होतं. चोथा पांढऱ्या वाईनचा होता. त्यात रस आंबण्याआधीच पिळून घेतात, सालींत साखर उरते. ती करपून तयार होणारी द्रव्यंही आमच्या चाचणीत अँटिऑक्सिडंट म्हणूनच मोजली जातात. पगार घेणाऱ्या प्राध्यापकाला हे ठाऊक असायला हवं होतं. कळलं गुळव्याला.

बाहेरच्या प्रयोगशाळेनं एकेक द्रव्य वेगळं करून पाहिलं तेव्हा द्राक्षाचं जवळपास काहीच सापडलं नाही. चौकशी बसली. मी ते वाक्य लिहिलं, सही ठोकली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. त्यांना लॅबमधून काढून गेटवर बसवलं, थेट निवृत्तीपर्यंत. मी रोज त्यांच्यासमोरून स्कूटर न्यायचो. ते उठून उभे राहायचे आणि मी मान हलवायचो!

मागच्या महिन्यात मलकापूरजवळ त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ओळखलं, तरी म्हणाले, “बसा पावणं.” मी सगळं कबूल केलं. अहवाल दुरुस्त करा असं कॉलेजला पत्र देतो म्हणालो.

“त्यो कागूद कुणी वाचला? मला गेटवर समद्या कालेजनं बघितलंय. पोरं म्हणायची, ह्येनंच करपवलं. तितंच हुबं ऱ्हाऊन सांगा की.”

“आता तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?” एवढंच माझ्या तोंडून निघालं. लाज नाही वाटली.

“मी हाय न्हवं. कवा जायाचं सांगा, येतो मी.”

त्यानंतर दोनदा त्यांचा फोन आला. “कवा यिऊ?” बाकी काही विचारत नाहीत. पत्र मी पाठवून दिलंय. तारीख अजून सांगितलेली नाही.