कंपनीचा बोर्ड

"बसून काय होणार?" असं म्हणत काकू चहासुद्धा उभ्यानेच प्यायच्या. बरकतपुऱ्यात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. जामबागच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या घरात खुर्च्या असतात त्या फक्त आल्यागेल्यासाठी.

काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मुलीने कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून दिला. पडद्यावरची बाई शब्द म्हणायची, मागून काकांनी म्हणायचा. पण कॉम्प्युटर जुना, कंपनीकडून तयार घेतलेला. बाईचं तोंड उघडंच राहायचं आणि शब्द केव्हातरी यायचा. काका चिडून मान फिरवायचे.

मदरबोर्ड बदलायचा, असं काकूंनी ठरवलं आणि मला घेऊन सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात गेल्या. दुकानदार म्हणाला, "अम्मा, कंपनी का बोर्ड है, इसमें दूसरा नै बैठता." का बसत नाही, हे मात्र त्याला सांगता येईना. नाही बसला तर परत आणीन, असं बजावून काकूंनी नवा बोर्ड घेतलाच.

घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, जुना बोर्ड काढून नव्याशेजारी ठेवला. स्क्रूची भोकं जुळत नव्हती. वीज येते तो प्लग वेगळाच, बटणाची वायरही त्या कंपनीचीच. म्हणजे बोर्डाबरोबर डबाही बदला, वीज देणारी पेटीही बदला. काकू येरझारा घालू लागल्या. घेतला आपण आणि मर्जी चालते त्यांची, असं पुटपुटत राहिल्या. मी म्हटलं, नवीनच घेऊ या.

"नको. हा काय काय घेतो, ते तर आधी बघू."

बघितलं तर मेमरीची एक खाच रिकामी होती, आणि हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी बसत होती. बोर्ड परत करून त्या या दोन वस्तू घेऊन आल्या. सगळं पुन्हा जोडलं, बटण दाबलं. काहीच नाही. काकू खुर्चीत बसल्या. होता तोही मी घालवला, म्हणाल्या.

तेव्हा काकांनी डावा हात उचलून डब्याकडे बोट केलं. बटणाची वायर बाहेर लोंबत होती.

त्यानंतर पडद्यावरची बाई अडखळली नाही. काकाही मान फिरवेनासे झाले.

गेल्या वर्षी काकू भाजी आणायला काचीगुड्याला गेल्या आणि बसथांब्यावरच कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता मुलगी काकांजवळ असते. संध्याकाळी मी वर जातो, तेव्हा दार काकाच उघडतात. काकूंचा पाय घरात ठरत नसे. आलेला माणूस दारातून परत फिरू नये म्हणून त्यांनी काकांकडून एक वाक्य महिनोन्‌महिने घोटून घेतलं होतं. तेच त्यांना सगळ्यांत स्वच्छ येतं.

"आत या. ती बाहेर गेलीय, येईल आता."

त्यांना सगळं ठाऊक आहे. मी "हौ, काका" म्हणतो आणि चपला काढून आत जातो.